दोन्ही दीर्घ

८ जानेवारी २००२, मंगळवार

बेचाळीस! एका पानात बेचाळीस चुका. रणजितनं विक्रम केला.

पण मराठीत लिहिलं, हे कबूल करायला हवं. आजवर हिंदीत खरडायचा. दिवाळीला सुट्टीवर आला तेव्हा मीच डिवचलं होतं — संस्कृतच्या बाईंचा भाचा, आणि आईला दोन ओळी मराठीत लिहिता येत नाहीत? पोट्टा हसला. "आत्या, लिखूंगा तो नंबर काटोगी." काटणारच! डिसेंबरात त्याची पलटण सीमेवर हलली आणि आता तिकडून, छप्पन्न एपीओच्या लष्करी पत्त्यावरून, हे रत्न आलं.

शाळेतून आल्यावर वहिनींना वाचून दाखवलं. दादा गेल्यापासून तात्यापाऱ्यातल्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी शाळेत धातू चालवते, त्या घर चालवतात. वहिनींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे लेकाची पत्रं वाचणं आणि त्यांची उत्तरं लिहिणं हे खातं माझ्याकडे. "वाचा न, पद्माताई. काहून थांबल्या?" थांबले, कारण हसू आवरत नव्हतं. उतरवून ठेवते, असं पुन्हा मिळायचं नाही —

"आई, मि ठिक आहे. ईथे दीन भर वाळु च वाळु. सकाळि बंदुक ईतकी थंड कि हाताला चीकटते. माझा दोस्त दिवाकर उंटावर बसला अनि पडला. काम असे आहे कि पाय पाहुन टाकावा लागतो. मला भिति वाटते. तु जेवते का."

'भिति'चं वाक्य वहिनींना वाचून दाखवलं नाही. उगीच कशाला!

मग लाल पेन काढलं. 'दीन' म्हणजे गरीब, दिवस तो 'दिन'. कडेच्या समासात लिहिलं, "तुझा प्रत्येक दिवस इतका दीन आहे हे वाचून वाईट वाटले." आणि 'भिति'पुढे, हा माझा आजचा सर्वोत्तम — "भीती! दोन्ही दीर्घ. भीती कधीच ऱ्हस्व नसते." तळाशी ३५/१००, काठावर पास. शेरा : प्रगतीस वाव आहे.

उद्या हाच कागद परत धाडते. हसेल.

९ जानेवारी

टाकलं. वहिनी विचारत होत्या, "कागद कुठी हाय?" वाचून झालं की रणजितचं पत्र त्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवतात. म्हटलं, मुलींना दाखवायला शाळेत नेलाय. खोटं, पण निरुपद्रवी.

२७ जानेवारी, रविवार

उत्तर नाही. वहिनी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात काहीतरी निवडत बसतात. आज तांदूळ दुसऱ्यांदा निवडले.

काल झेंडावंदनाला मुलींना घेऊन गेले होते. नव्या राज्याची राजधानी झाल्याला सव्वा वर्ष झालं, अजून गावाला नवा कोट सैल होतो. शंकर नगरात भाड्याच्या बंगल्यात कुठलंसं खातं उघडलंय. पाटी रंगवणाऱ्यानं 'कार्यलय' लिहून ठेवलंय. कार्याचा लय! मुलींना संधी सोडवून दाखवला, हसून हसून रांग मोडली.

आज वहिनींनी उत्तर सांगितलं. त्या सांगतात आणि मी लिहिते, म्हणजे त्या माल देतात आणि मी पाखडते. त्या म्हणाल्या, "लेहा — बापू, तुह्याबिगर घास उतरत नाई. सुनेत्राच्या मांजरीले तीन पिल्लं झाले. एक तुह्यासारखं हाय, सगळ्यायच्या अंगावर पाय टाकून निजते. तू जेवजो." मी लिहिलं : "चि. रणजित यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझी आठवण होते. प्रकृतीस जपावे." शेजारच्या सुनेत्राच्या मांजरीचा मजकूर गाळला. सीमेवरच्या शिपायाला मांजरी कशाला?

वाचून दाखवताना मात्र मांजर घातलं. तेवढी कला अवगत आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आलं! आणि काय आलं! चूक नाही. एकही नाही!

"ती. आईस सा. न. मी येथे कुशल आहे. हवामान उत्तम आहे. जेवणाची व्यवस्था चांगली आहे. काळजी नसावी."

'ती.'! 'सा. न.'! हिंदी शाळेत शिकलेल्या पोरानं पाच आठवड्यांत ही मजल मारली. लाल पेनाला टोपण घातलं. शंभरपैकी शंभर.

वहिनी म्हणाल्या, "बस?"

"अजून काय हवं, वहिनी? कुशल आहे म्हणतोय."

त्यांनी कागद मागून घेतला. उलटा धरला, मी सुलटा करून दिला. बराच वेळ पाहत राहिल्या. "हे त्याचं नाई."

"म्हणजे?"

"तो 'आई' काढते तवा वरतची रेघ लांब पयते. घसरगुंडीवानी. इथं कापल्यावानी हाय."

मी म्हटलं, "वहिनी, अक्षर येत नाही आणि हस्ताक्षर येतं? तुम्हांला तर हायकोर्टात नेमलं पाहिजे, आता बिलासपूरला आहेच!" एरवी त्या अशा बोलण्यावर हसतात.

१५ फेब्रुवारी

हसल्या नाहीत, ते आठवत राहिलं.

१२ मार्च, मंगळवार

तिसरं निर्दोष पत्र. पुन्हा कुशल, पुन्हा हवामान उत्तम. मार्चात, वाळवंटात, हवामान उत्तम!

वहिनींनी कागद लुगड्यात ठेवला नाही. फडताळावर पडू दिला, विजेच्या बिलाशेजारी.

त्या गोल बाजारात गेल्यावर मी ट्रंक उघडली. रणजितची जुनी पत्रं काढली, ट्रेनिंगपासूनची, हिंदीतली. प्रत्येकावर पहिला शब्द आई. शिरोरेघ पुढे पळालेली, शेवटी थोडी खाली घसरलेली. घसरगुंडीवानी. मग नवी तीन पाहिली. गोल, टपोरं, शिस्तीचं अक्षर. दुसऱ्याच कुणाचं.

एकोणतीस वर्षं वह्या तपासते आहे. कुठल्या पोरीनं कुणाकडून गृहपाठ करून घेतला ते दारातून सांगते. आणि हे दिसलं नाही! मी वेलांट्या पाहत होते. हात पाहिलाच नाही.

मग पहिल्या पत्रातलं वाक्य आठवलं. पाय पाहून टाकावा लागतो. पेपरात येतंय, सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरतायत, पेरतानाच माणसं जातायत. मी ते वाक्य वाचलं होतं. 'पाहुन'चा हू दीर्घ करून पुढच्या वाक्याला लागले होते.

त्यानं लिहिलं, मला भीती वाटते. आत्यानं उत्तर दिलं, दोन्ही दीर्घ.

१३ मार्च

त्याच्या हाताला तर काही झालं नसेल? वहिनींना बोलले नाही. शाळेत सप्तमी शिकवायची ती पंचमी शिकवली. पोरींनीच सांगितलं.

२० मार्च

सैनिकांच्या कुटुंबांसाठी कार्यालय आहे तिथे जाऊन आले. निवृत्त सुभेदार बसतात, दयाराम नावाचे. मूळ धमतरीकडचे. तिन्ही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली.

"हाथ में कुछ हुआ रहता तो खबर आ जाती, दीदी. लड़का ठीक है. किसी से लिखवा रहा है."

"किसी से?"

"हव. हमारे टाइम में आधी पलटन लिखवाती थी. मगर लिखवाने वाला आधी बात बोलता है. दूसरे के सामने माँ को क्या बोलेगा?" मग चष्म्यावरून पाहत, "पर ये तो पढ़ा-लिखा है न? फिर खुद काहे नहीं लिखता?"

मी म्हटलं, "पता नहीं, भैया."

बाहेर आले तेव्हा कानशिलं तापली होती. उन्हानं नव्हे. त्या भल्या माणसानं वर चहा पाजला होता.

२१ मार्च

क्षमेचं पत्र लिहायला चार वेळा बसले. चारही वेळा सुभाषित झालं. पाचव्यांदा तर अनुष्टुभात जमू लागलं, तेव्हा फाडलं.

लज्जा. आकारान्त, स्त्रीलिंगी. मालेप्रमाणे चालवावी. तीन वचनं, आठ विभक्ती, आणि एकीतूनही सुटका नाही. बघ, हेही विनोदातच गेलं! एवढंच येतं मला.

६ एप्रिल

सुनेत्राकडे रणजितचा फोन आला. ती ब्लाऊज शिवते, सातवीपर्यंत शिकलेली. दुकानात पेपर मोठ्यानं वाचते आणि प्रत्येक जोडाक्षरापाशी ठेच खाते. मी नेहमी म्हणते, सुनेत्रा, तुझ्या तोंडून मंत्रिमंडळ कधी एका दमात बाहेर पडणार? वहिनी अनवाणी धावल्या. "हॅलो, बापू?" आणि फोन कटला. त्यानंतर तासभर त्या तिथेच, मशीनशेजारी स्टुलावर बसून होत्या. घरी आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "तो 'आई' म्हनला," एवढंच सांगितलं.

१९ मे, रविवार

परवापासून सगळीकडे एकच — युद्ध होणार. भाजीवाला म्हणतो होणार, मुख्याध्यापिका म्हणतात होणार. शाळेला सुट्टी, पारा पंचेचाळीसवर. वहिनींनी दोन दिवस भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि तसाच गायीला घातला. काल विचारत होत्या, "पद्माताई, तो रुसला तं नसन माह्यावर? मी काई वावगं लेहाले लावलं का?"

मी म्हटलं, "छे!" आणि पाणी प्यायला उठले.

तुम्ही नाही, मी. तीन शब्द. दोन सर्वनामं आणि एक नकार. नाही निघाले तोंडातून.

दुपारी रणजितला लिहिलं. सुभाषित नाही, समास नाही. "तुझ्या पत्रावर लाल पेन चालवलं. ते फार चुकलं. तू भीती वाटते असं लिहिलंस आणि मी तिची वेलांटी दुरुस्त केली. आईला तुझ्या हातचं हवंय. आत्या." लगेच उन्हातच जाऊन टाकलं. उशीर केला असता तर सुधारायला घेतलं असतं.

४ जून, मंगळवार

पाकिटावर तेच गोल, टपोरं अक्षर. पण पत्र माझ्या नावे, आणि खाली सही — दिवाकर. तोच, उंटावरून पडलेला. मूळचा अचलपूरचा, बी. ए. झालेला. अर्धं उतरवते.

"आपण शिक्षिका आहात, तेव्हा शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करतो, रणजितची तशी ताकीद आहे. तो सुखरूप आहे. आपले पत्र त्याला वाचून दाखवावे लागले नाही, त्याने स्वतः वाचले व खिशात ठेवले. जानेवारीत त्याचेच पत्र परत आले तेव्हा तंबूत सर्वांनी वाचले. सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर त्याने पेन हाती घेतलेले नाही. मी अनेकदा म्हटले की आईला तू स्वतः लिही. त्यावर तो जे म्हणाला ते लिहू की नको असा विचार करत होतो. तो म्हणाला, आईचे पत्रही आईचे नसते. त्यात आई कुठेच बोलत नाही. तिकडून आत्या लिहिते, इकडून तू लिही. दोघे शिकलेले एकमेकांना शुद्ध पत्रे लिहा, मी आणि आई ऐकत बसू."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचवलं.

मला वाटत होतं, गुन्हा एका कागदावरचा आहे, लाल शाईचा. तो निळ्या शाईतही होता. दर महिन्याला, नियमित, क्षेमकुशलासह. मायलेकांमध्ये मी बसले होते, दोन्ही बाजूंना खडू-फळा घेऊन.

५ जून

सांगितलं. सगळं.

वहिनी गच्चीवर कुरड्या घालत होत्या. सोऱ्या फिरवता फिरवता ऐकत राहिल्या. लाल पेनापाशी हात थांबला.

"त्यानं काय होते? ऱ्हस्व का काय ते. बोलतानी फरक पडते का?"

"नाही. बोलताना फारसा नाही."

"मंग?"

एकोणतीस वर्षांची नोकरी. त्याचेच गुण कापण्यात गेली.

मग भीतीचं वाक्य सांगितलं. सोऱ्या त्यांनी खाली ठेवला.

"त्यानं लेहलं होतं तसं? मले?"

"हो."

"आन तुमी वाचून नाई दाखवलं."

"उगीच तुम्हांला काळजी—"

"माय हावो मी त्याची, पद्माताई. काळजी मी नाई करन तं कोन करन? मंत्री करन?"

मांजरीचंही सांगून टाकलं. दरवेळी त्यांचं बोलणं पाखडून पाठवलं, आणि वाचून दाखवताना परत मिसळलं, हेही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिठाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "मंग तो कागद शाळेत नाईच."

"नाही."

"त्याच्या हातचा होता तो."

एवढंच. उरलेलं पीठ तसंच झाकून खाली गेल्या. मी वर बसून राहिले, घातलेल्या कुरड्यांवर कावळे येऊ नयेत म्हणून. म्हणजे सांगायला कारण तेच.

७ जून, शुक्रवार

आज वहिनींनी स्वतःच कागद-पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. निळं.

"लेहा. मी बोलन तसं. एक शब्द इकडचा तिकडं करू नोका."

'मले'पाशी हात अडला. खरंच अडला. बोटांना सवय नाही. 'तुले' लिहिलं, 'काहून' लिहिलं, 'करून राहिली' लिहिलं, पुढे सोपं झालं. त्या न थांबता बोलत होत्या. मला मधे मधे म्हणावं लागलं, "हळू, वहिनी."

"बापू, मी तुही माय बोलून राहिली. आजपावतर आत्या बोलत होती. तुले भेव लागते असं तू लेहलं होतं, मले परवा समजलं. भेव लागते तं लागू दे. मलेबी लागते. तुह्या बाबालेबी लागे. दोन डब्याच्या मधात जाऊन जोडनी कराची राहे, तवा रोज लागे. त्यायनं कोनाले सांगतलं नाई, घरी येऊन मले सांगे. मंग जेवे. तसं तू मले सांगत जा अन् मंग जेवत जा. मांजरीचे पिल्लं मोठे झाले, तुह्यावानी निजते ते सुनेत्रानं कोनाले देल्लं नाई..."

दादा रेल्वेत होता, शंटिंगवर. एकेचाळीस वर्षं माझा भाऊ होता. त्याला भीती वाटायची हे मला आज, त्याच्याच बायकोच्या पत्रात, स्वतःच्या हातानं लिहिताना कळलं. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? काहीतरी मजेशीर बोलले असते.

'भेव'. या शब्दात चूक करायला जागाच नाही.

दोन पानं झाली. वाचून दाखवलं, आहे तेवढंच. वहिनी मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हव. आता माह्यं झालं." पाकीट त्यांच्यासमोर चिकटवलं. सोमवारी टाकते म्हटलं.

१० जून

शुक्रवारच्या पत्रातली शेवटची ओळ इथे उतरवली नव्हती.

तीन दिवस पाकीट पिशवीत होतं. वाफेवर उघडतं. दुसरं पान नव्यानं लिहायला दहा मिनिटंही लागली नसती, आणि वहिनींना वाचता येत नाही. पाणी उकळायला ठेवलं होतं, हेही लिहून ठेवते. मग त्यात चहा टाकला.

सकाळी पेटीत टाकलं, जसंच्या तसं. ओळ अशी —

"आता कागद सुनेत्राच्या पत्त्यावर टाकजो, बापू. ती अडखळत वाचते, पन सगळं वाचते."